नऊ मिरच्यांची एक कुंडी

ताईने फळ्यावर लिहावं तशा ठळक अक्षरांत लिहिलं, खाली रेघ ओढली आणि कागद भावाच्या हातात दिला.

‘नव्या घरी बाल्कनीत कुंडी एकच.’

“वाच,” ती म्हणाली.

“वाचलं.”

“मोठ्याने.”

बाळ्याने मोठ्याने वाचलं. बाळ्याचं वय एकाहत्तर.

हसू नका. बाजारात त्याला सगळे घड्याळजी म्हणत. अठ्ठेचाळीस वर्षं डोळ्याला भिंग लावून त्याने लोकांची बंद पडलेली घड्याळं चालू केली; मनगटावरची, भिंतीवरची, पहाटे कोकलून शिव्या खाणारी. पण घराचा उंबरठा ओलांडला की तो बाळ्या. वडील गेले तेव्हा हा पंधरा वर्षांचा आणि ताई चोवीसची, शाळेत नुकतीच लागलेली. तिने दोघांचं पोट भरलं, घर राखलं, पुढे मुख्याध्यापिका झाली. नंतर शाळा सुटली, पण तिच्यातली मुख्याध्यापिका काही सुटली नाही. बाळ्याला घड्याळाच्या दुकानात बसवलं ते तिनेच. “तुझी बोटं बारीक आहेत,” एवढंच म्हणाली. तुला काय व्हायचंय, हे विचारायचं राहून गेलं. पुढे एक मुलगी बाळ्याला आवडली, ती ताईला आवडली नाही. विषय संपला. बरं, बाईने कधी वाईट केलं म्हणावं तर तेही नाही. जे केलं ते याच्या भल्यासाठीच. तीच तर पंचाईत होती हो, भांडायला जागाच नाही.

तिच्या हुकमाबाहेरची अशी एकच गोष्ट त्याने आयुष्यात केली होती, ती म्हणजे मागच्या अंगणातल्या मिरच्या. चौतीस कुंड्या. त्यात नऊ जाती, आणि नावं सगळी त्याने स्वतः ठेवलेली. काळी, सुरकुती, गोटी, मेणबत्ती, शिंगी, नुसत्या वासाने ठसका लावणारी भांडखोर, आणि अशाच आणखी. आठ जातींचं बी त्याने इकडूनतिकडून मिळवलेलं. नववी मात्र त्याच्याच अंगणात आपोआप उगवली. कुठल्या दोघींच्या फुलांत मधमाशी फिरली देव जाणे, पण फिकट केशरी, करंगळीएवढी, साधीभोळी दिसणारी मिरची आली. चावली तर पाच अंक मोजेपर्यंत काही नाही. माणूस म्हणतो, हॅ, ही कसली तिखट! आणि सहाव्या अंकाला कानांतून धूर. त्याने तिचं नाव ठेवलं उशिराची. सहा वर्षं तो तिला जपत होता. अशी मिरची दुसऱ्या कुणाकडेही नव्हती, आणि त्या घरात आपली म्हणावी अशी त्याचीही दुसरी वस्तू नव्हती.

ताईला मिरच्यांचा राग का, तर एकदा दोरीवरचे कपडे काढताना तिचा हात भांडखोरला लागला आणि तोच हात डोळ्याला. डोळा सुजून लिंबाएवढा झाला. तेव्हापासून अंगणाला ती ‘तुझा तो दारूगोळा’ म्हणे.

आता तिचे गुडघे गेले. जुन्या घराच्या पायऱ्या चढवेनात म्हणून लिफ्ट असलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दीड महिन्यात मुक्काम हलवायचा होता. तीन माणसं उभी राहिली तर चौथ्याने घरात थांबावं, एवढी बाल्कनी.

“बरं, ताई,” बाळ्या म्हणाला आणि कागद खिशात ठेवला.

बरं म्हणाला खरा, पण चौतीसातून एक निवडायची म्हणजे काय, चेष्टा आहे? बी ठेवावं म्हटलं तर नऊ जणी शेजारी शेजारी वाढलेल्या. पोर आईवर जाईल की शेजारणीवर, कुणी सांगावं? आणि उशिराची तर मुळातच दोघींची भेसळ. तिच्या बियांतून पुन्हा तीच येईल याचा नेम नाही.

तो तडक रोपवाटिकेत गेला. तिथली बाई एका गुलाबाच्या खुंटावर दुसऱ्या गुलाबाची काडी बांधत बसली होती. हात मातीने भरलेले, तोंडात सुतळीचं टोक. हा बघत उभा राहिला.

“एका झाडावर दोन रंग येतात ना?” त्याने विचारलं.

“दोन काय, चार आणते मी.”

“मिरचीवर होईल?”

“न व्हायला काय झालं? पण असला रिकामा उद्योग करतंय कोण?”

“मी,” घड्याळजी म्हणाला. “नऊ जाती आहेत. कुंडी एक.”

बाईने तोंडातली सुतळी काढली आणि मनापासून हसली. मग त्याला पाचर कलम शिकवलं. जोरकस झाडाच्या फांद्या छाटायच्या, प्रत्येक खुंटाला मधोमध चीर द्यायची, दुसरीची काडी पाचरीसारखी दोन्हीकडून तासायची आणि सालीला साल जुळवून चिरेत बसवायची. वरून घट्ट बांधायचं आणि पारदर्शक पिशवी घालायची.

त्याला काय, ते जन्माचं काम! केसाएवढ्या स्प्रिंगा बसवलेली बोटं ती. भिंग लावून, दाढीच्या पात्याने त्याने दांडगीच्या आठ फांद्यांवर आठ जणी बसवल्या. दांडगी म्हणजे नवांतली थोरली, मनगटाएवढ्या खोडाची. बाईने येऊन पाहिलं आणि म्हणाली, “काका, माझे कान कापलेत.”

चौथ्या दिवशी आठही काड्या माना टाकून मोकळ्या.

घड्याळजी रोपवाटिकेत गेला तो तोंड पाडून.

“पिशवीत पाणी धरत होतं ना? आतून थेंब?” बाईने विचारलं.

“छे! एक थेंब राहू दिला नाही,” तो अभिमानाने म्हणाला. “दिवसातून चारदा पिशवी काढून आतून पुसत होतो. मऊ फडक्याने.”

बाईने मातीच्या हाताने कपाळ बडवून घेतलं. “अहो काका! त्या काडीला मूळ आहे का? सांधा धरेपर्यंत ती पिणार काय? ती वाफच तिचं पाणी. तुम्ही चारदा तिच्या तोंडचं पाणी काढून घेतलंत!”

अठ्ठेचाळीस वर्षं घड्याळजीचा एकच वैरी होता, काचेआड धरलेली वाफ. काचेखाली थेंब दिसला की घड्याळ मेलंच समजायचं. पारदर्शक काही दिसलं आणि आत दमटपणा दिसला की त्याचा हात आपोआप फडक्याकडे जायचा. त्याच हाताने त्याने आपल्या आठ पोरी मारल्या होत्या. करायला गेलो गणपती अन् झाला मारुती, दुसरं काय!

दुसऱ्यांदा बसवायला काड्या होत्या, पण उशिराचीची जेमतेम एक. मूळ झाड आधीच म्हातारं, त्यात दुसऱ्यांदा पातं लागलं तसं ते वाळलंच. आता जे काही होतं ते त्या पिशवीतल्या बोटभर काडीत. या वेळी त्याने फडकं ताईच्या कपाटात ठेवलं, कारण तिथे हात घालायची त्याची छाती नव्हती. आठ दिवस तो पिशवीसमोर हाताची घडी घालून बसला. आत धो धो थेंब, आणि हा दात खाऊन गप्प. नवव्या दिवशी सुरकुतीने पालवी फोडली, मग गोटीने, मग एकेकीने. उशिराचीने नावाला जागून सगळ्यांत शेवटी.

बाकीच्या कुंड्या त्याने रोपवाटिकेत देऊन टाकल्या. नव्या घरी सामान लागलं तेव्हा ताईने बाल्कनीत येऊन मोजलं.

“एक,” ती म्हणाली. मग चष्मा पुसून जवळ गेली. “हे कसलं झाड? इथे पान जांभळं, इथे हिरवं.”

“कुंडी एक आहे, ताई.”

“चलाख झालास हो.”

बाळ्याला आभाळ ठेंगणं झालं. सापही मेला आणि काठीही मोडली नाही! महिनाभर तो त्या कुंडीभोवती असा फिरत होता, जणू ताईला तिच्याच शाळेत नापास केलं होतं.

आणि मग उशिराची खंगायला लागली.

आधी पानं लहान झाली, मग पिवळी. शेजारची भांडखोर हातभर वाढली आणि ही वीतभरही नाही. घड्याळजीने फांदीचा फोटो नेऊन बाईला दाखवला.

“एका मुळावर नऊ तोंडं, काका. दांडग्या ओढून घेतात, गरिबाला उरत नाही. हिला काढा आणि वेगळ्या खुंटावर बसवा, तिच्या एकटीच्या कुंडीत. मुळांसकट खुंट मी देते. पण आठवड्याच्या आत, नाहीतर गेली.”

वेगळ्या कुंडीत. म्हणजे दुसरी कुंडी.

घरी येताना लिफ्टमध्ये त्याने काय काय शोधून काढलं नाही! डबा वापरावा, डबा म्हणजे काही कुंडी नव्हे. मोरीच्या खिडकीत ठेवावी, कागदावर फक्त बाल्कनी लिहिलंय. बादली. जुनं पातेलं. चौथा मजला येईपर्यंत पाच पळवाटा सापडल्या आणि दार उघडलं तेव्हा त्याला स्वतःचीच शिसारी आली. अरे, लाज वाटायला हवी! एकाहत्तराव्या वर्षी मी वहीखाली गोट्या लपवतोय? कलम केलं, आठवडेच्या आठवडे राबलो, कशासाठी? ताईचा शब्द मोडायला नको म्हणून! आपण बंड केलं म्हणून मिरवत होतो, आणि ती तर नुसती हुशारीने पाळलेली आज्ञा होती. त्या हुशारीपायी उशिराची मरायला टेकली होती.

ताई बाल्कनीत पेपर वाचत बसली होती. तो चपला न काढताच तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“ताई, दुसरी कुंडी येणार आहे.”

तिने पेपर खाली केला नाही. “काय ठरलं होतं?”

“ठरलं नव्हतं. तू ठरवलं होतंस.”

आता पेपर खाली आला.

“आवाज चढवू नकोस.”

“चढवत नाहीये. माझा आवाज असाच आहे, तू कधी ऐकला नाहीस.”

“मिरचीच्या रोपट्यासाठी तू माझ्याशी असं बोलतोस?”

“हो, मिरचीसाठीच. दुसरं काय ठेवलंस माझ्याकडे?” त्याने दोन्ही हात कठड्यावर दाबून धरले. “दुकान तू ठरवलंस. घर तू ठरवलंस. कुणाशी लग्न करायचं नाही ते तू ठरवलंस. माझं सगळं केलंस ताई, नाही म्हणत नाही, पोटाला चिमटा काढून केलंस. पण मला विचारून एकही गोष्ट केली नाहीस.”

“मी नसते तर रस्त्यावर आला असतास.”

“आलो असतो कदाचित. किंवा आणखी काही झालो असतो. आता ते कळायचं नाही, ते जाऊ दे. पण ही एक मिरची मी वाढवली आहे, आणि ती मी मरू देणार नाही. तुला चालो न चालो.”

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. ताईने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. त्याला तिची कीव आली आणि जिभेवर ‘बरं, राहू दे’ आलंसुद्धा. त्याने ते गिळलं.

“मला वाटायचं, तुला घड्याळं आवडतात,” ती म्हणाली.

“आवडायला लागली. नंतर.”

तिने पेपरची घडी घातली. मग खुर्चीच्या हाताला धरून, गुडघे सांभाळत उठली आणि पायाने चपला चाचपू लागली.

“कुठे निघालीस?”

“खाली. कुंडी आणायला. तुला दुकानदार फसवेल. तू तळाला भोक नसलेली घेऊन येशील, नाहीतर फुटकी. मी बघून घेते.”

किती सोपं होतं! तिचा राग गेला होता, तिने हार मानली होती. दोघं मिळून गेले असते, तिने कुंड्या टकटक वाजवून बघितल्या असत्या, घासाघीस केली असती, उत्तम कुंडी निवडली असती. पण निवडली असती तिनेच.

“नाही ताई,” तो म्हणाला. “तू बस. मी एकटा जातो.”

तासाभराने तो कुंडी घेऊन आला. बाल्कनीत ठेवली तेव्हा काठाचा चांगला दोन बोटं टवका उडालेला दिसला. ताईने टवक्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, तोंड उघडलं.

“मला चालते,” तो म्हणाला आणि माती भरू लागला.