सहा व्हॉल्व

आष्टीजवळच्या एका पाणीपुरवठा सहकारी संस्थेत टँकर भरायचा प्रोग्राम सत्यभामानं लिहिला होता. टँकर लागला, की मुख्य प्रोग्राम त्याच्यासाठी एक पोटप्रोग्राम सुरू करायचा. तो व्हॉल्व उघडून धरायचा आणि टाकी भरल्याचं मुख्य प्रोग्रामनं कळवलं, की बंद करायचा. दुष्काळाचं तिसरं साल होतं. विहिरीत पुरुषभर पाणी उरलं होतं.

भर दुपारी चेअरमनचा पुतण्या गहिनीनाथ चार माणसं घेऊन पंपघरात शिरला. "आमचा टँकर आधी भरायचा."

"गावाचे सहा लागलेत," ऑपरेटर बिभीषण म्हणाला. "नंबरानं घ्या, मालक."

गहिनीनाथनं लोखंडी पाइप त्याच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज कोपऱ्यात संगणकापाशी बसलेल्या सत्यभामाला ऐकू आला. दुसरा तडाखा कपाळावर बसला आणि बिभीषण भिंतीवरून घसरत खाली आला.

"आता तू. बंद कर हे सगळं."

"असं बंद केलं तर व्हॉल्व उघडेच राहतेत. मुख्य मेला तरी बाकीचे मरत न्हाईत."

"मला शिकवू नको." त्यानं तिचं डोकं टेबलावर आपटलं आणि मुख्य प्रोग्राम स्वतःच बंद केला.

टँकर भरून वाहायला लागले. रांगेतल्या बायकांनी पाणी मातीत जाताना पाहिलं आणि पंपघरावर दगड सुरू झाले. काचा फुटताच गहिनीनाथची माणसं पळाली. तोही पळत होता, पण रांगेतल्या मनकर्णानं त्याची कॉलर धरली. बायका हंड्यांनी त्याला मारू लागल्या.

कपाळावरचं रक्त पुसत सत्यभामानं पोरक्या पोटप्रोग्रामांचे नंबर काढले. एका फटक्यात मारले असते, तर व्हॉल्व तसेच उघडे राहिले असते. प्रत्येकाला 'आधी व्हॉल्व बंद कर, मग तू संप' असं सांगावं लागत होतं. दोन बंद झाले.

"सत्यभामा, ह्यान्ला आवर," बाहेरून गहिनीनाथ ओरडला.

तिनं ऐकलं आणि तिसरा नंबर टाकला. सहावा बंद झाला तेव्हा त्याचं ओरडणं थांबलं होतं.

ती बाहेर गेली. "बास करा, बायांनो. मरंल तो."

मनकर्णानं चेपलेला हंडा खाली ठेवला.

गहिनीनाथ जगला, पण त्याचा डावा डोळा गेला. बिभीषणचा हात वाकडाच जुळला. गहिनीनाथची हाक ऐकूनही आपण आधी पाणी थांबवलं, हे सत्यभामानं जबाबात स्वतःहून सांगितलं. फौजदारानं दोनदा विचारलं, तरी तिनं शब्द बदलला नाही.