कथित निर्दोष

आमच्या वर्तमानपत्रात बातम्यांच्या मेजावर जो मनुष्य सर्वेसर्वा आहे, त्याला सगळे तराजू म्हणतात. हे नाव त्याने स्वतःच ओढवून घेतलं. "आपण दोन्ही पारडी सारखी ठेवायची," हे तो उठता-बसता ऐकवतो. तोंडावर आम्ही त्याला साहेब म्हणतो, कारण पोट सगळ्यांनाच आहे.

तराजूचा लाडका शब्द म्हणजे 'कथित'. नवीन माणूस आला की त्याला समोर बसवून तो शिकवतो, की आरोप सिद्ध होईपर्यंत कुणी चोर नसतो, कथित चोर असतो. ऐकताना वाटतं, काय न्यायी माणूस आहे! मग हळूहळू कळतं की हा शब्द तो माणूस बघून वाढतो. ज्याचा वकील संध्याकाळी फोन करू शकतो, त्याच्या पानात कथित भरभरून पडतं. पाकीटमाराला आणि कामवाल्या बाईला नुसतं नाव आणि पत्ता.

माझी वहिनी तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवते. सकाळभर ती पोरांना गच्चीवर पळवते, त्यांच्याकडून त्यांचेच रुमाल धुऊन घेते, आणि दुपारी जेवली की सगळी एकजात मेल्यासारखी झोपतात. तिच्या हातालाच तसा गुण आहे. पण एका आईला ते खुपलं. "आमचा घरी डोळ्याला डोळा लावत नाही, इथे बरा झोपतो!" एकदा ती अवेळी आली, तर वहिनी पाळण्याशेजारी खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन उभी. झालं! पोरांना औषध पाजून झोपवतात, अशी तक्रार गेली आणि पोलीस वहिनीला आणि बाटलीला दोघींनाही घेऊन गेले.

बाटलीत शिलाई मशीनचं तेल होतं. पाळण्याची कडी करकरली की पोरं उठतात, म्हणून वहिनी कडीला तेल घालायची. रिकामी बाटली टाकवत नाही, हा तिचा गुन्हा. वहिनी हे पोलिसांना ओरडून सांगत होती, पण तपासणीचा अहवाल येईपर्यंत तेलावर कोण विश्वास ठेवणार?

बातमी मेजावर आली. तराजूने ती माझ्या हातातून काढून घेतली. "तुझ्या घरचा मामला आहे, तू लांब राहा." हे ठीकच होतं. मी एवढंच म्हटलं, "साहेब, मथळ्यात तुमचा तो शब्द तरी घाला."

"जागा नाही गं," तो म्हणाला. "मथळा बघ केवढासा आहे."

मथळा असा होता: 'पाळणाघरात मुलांना झोपेचे औषध, संचालिका ताब्यात'. त्याच पानावर वरच्या बाजूला एका शिक्षणसंस्थेच्या सभागृहाची बातमी होती. छत पडलं होतं. खुर्च्यांवर पडलेल्या छताचा चांगला भलामोठा फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, 'कथितरीत्या कोसळलेले छत'. निकृष्ट बांधकाम कथित, अध्यक्षांचा मेहुणा कथित कंत्राटदार. बिचारा मेहुणासुद्धा कथित! त्यांच्यासाठी जागेला काही तोटा नव्हता. मला तराजूची इतकी किळस आली की त्याने पुढे केलेला चहा मी तसाच ठेवला.

वहिनीला संध्याकाळी सोडलं, पण पाळणे रिकामे झाले. काही दिवसांनी अहवाल आला. बाटलीत तेल, मुलांच्या दुधात दूध. वहिनी तो घेऊन घरोघरी फिरली. आया गोड बोलल्या. "आमचा तुमच्यावर विश्वास आहे हो, पण पेपरात आलं की घरच्यांना दाखवता येईल." महिनाअखेरपर्यंत मुलं परत आली नाहीत तर खोल्या सोडाव्या लागणार होत्या.

मी तराजूपुढे जाऊन उभी राहिले. अहवाल त्याच्यापुढे ठेवला. त्याने चष्मा पुसून तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "देऊ की. आपली पारडी सारखीच असतात. पण हात तू लावायचा नाहीस."

दुसऱ्या दिवशी सातव्या पानावर, गाद्यांच्या जाहिरातीखाली, बातमी आली: 'पाळणाघर प्रकरणातील संचालिका कथित निर्दोष'.

दुपारी मी ऑफिसातून तशीच वहिनीकडे धावले. दारात एक आई उभी होती, कडेवर पोरगं, खांद्याला त्याची पिशवी, हातात पेपर. पोरगं पाळण्याकडे झेपावत होतं.

"या वन्सं," वहिनी म्हणाली. "ह्यांना सांगा बरं, कथित म्हणजे काय? तुमच्या ऑफिसातला शब्द आहे."

"म्हणजे छापणारा भित्रा आहे," मी म्हटलं.

"तसं नाही हो," ती आई म्हणाली. "म्हणजे औषध दिलं होतं की नव्हतं?"

"नव्हतं दिलं. बाटलीत तेल होतं, तपासणीत सिद्ध झालंय."

"मग सरळ निर्दोष का नाही लिहिलं?"

भित्रा म्हणून झालं होतं. आणखी काय सांगणार? ज्या माणसाला पडलेलं छत पडलं म्हणवत नाही, त्याच्या हातचा पगार मी घेते, हे त्या बाईला सांगून काय उपयोग होता? मग तिने पेपरची घडी पिशवीत घातली. "बघते हं पुढच्या आठवड्यात. ह्यांना विचारते," म्हणाली आणि वळली.

पोरगं जिन्यात रडायला लागलं. आवाज मजल्यामजल्याने खाली जात होता. वहिनी दाराला धरून ऐकत उभी राहिली.

"झोपेची वेळ झालीय त्याची," ती म्हणाली.