गोळ्यांची डबी आणि सरोजिनीबाईंचं डोकं

मी एक जुनी, झाकण पिचलेली स्टीलची डबी आहे. मित्रांनो, गोल बाजारातून सरोजिनीबाईंनी मला आणलं ते वेलची ठेवायला. त्या रेल्वेच्या ऑफिसात कारकून, राहायला ब्राह्मणपाऱ्यात, हिंदी मुलखातल्या मराठी वस्तीत. वर्षभरात वेलची गेली आणि माझ्या पोटात डोकेदुखीच्या गोळ्या आल्या.

त्यांचं अर्धं डोकं ठणकायचं, उजेड सोसायचा नाही, ओकाऱ्या व्हायच्या. घरात मात्र जो तो वैद्य. यजमान धर्मपाल म्हणायचे, "मोबाईल पाहून राहिली म्हणून होते." सासू कमलाबाई म्हणायच्या, "तेल लाव, जाते." पण ही बाई उपाशीपोटी ऑफिसला पळते आणि दुपारी मला उघडते, हे कुणालाच दिसेना. मला तोंड असतं तर चांगलं सुनावलं असतं सगळ्यांना.

गेल्या वर्षी बढतीच्या परीक्षेच्या दिवशी त्या खिडक्या लावून, उशाशी बादली घेऊन पडून राहिल्या. नंतर ऑफिसात एक जण म्हणाला, "बहाना है." घरी येऊन त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं.

तेव्हा मुलगी यामिनीने माझ्यातल्या रिकाम्या पट्ट्या पलंगावर ओतल्या. "आई, एक महीने में बाईस दिन गोली?" दुसऱ्या दिवशी ती आईला आणि मलाही डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरबाई नागपूरकडच्या. म्हणाल्या, "ताई, आता या गोळ्यांनीच डोकं दुखून राहिलं. हप्त्यात दोन दिवसांच्या वर घ्यायची नाही. दुखणं येऊच नये म्हणून वेगळी गोळी देते, ती रोज घ्या. जेवण, झोप वेळेवर. कधी दुखलं, ते लिहून ठेवा."

पहिले पंधरा दिवस भयंकर गेले. सरोजिनीबाई माझ्याकडे हात न्यायच्या, यामिनी मला उचलून दूर न्यायची. "मले दे ती डबी." "नहीं आई." एकदा तर त्या रडल्या. धर्मपाल पडदे ओढून ओलं फडकं आणून द्यायचे. सकाळची पोळीही तेच भाजू लागले.

तीन महिन्यांनी दुखणं महिन्यातून चार दिवसांवर आलं. पार गेलं नाही. यंदाच्या परीक्षेच्या सकाळीही डोळ्यांपुढे चमकू लागलंच, म्हणजे दुखणं येणार. त्यांनी लगेच एक गोळी घेतली, पोटभर खाल्लं, अर्धा तास अंधारात पडल्या आणि गेल्या. पेपर पूर्ण लिहून आल्या. निकाल अजून लागायचा आहे.

मित्रांनो, घरात कुणाचं डोकं वारंवार दुखत असेल, तर कृपा करून तेलाचा आणि मोबाईलचा विषय काढू नका. आधी विचारा, जेवलीस का? मग डॉक्टरांकडे न्या. आणि बहाणा म्हणण्याआधी त्या बंद खोलीत तासभर बसून पाहा.