पडद्यामागची जागा

गुणाबाईने पडद्याचं टोक उचललं आणि पुरुषांच्या बाजूला जायला एक पाय टाकला, तोच पत्रूने तिला अडवलं. नागभीडच्या धानगिरणीत आज दिवसभर सरकारी सिनेमे होते, आणि व्यवस्थेचा सगळा मान पत्रूच्या डोक्यात गेला होता. बायकांनी मागेच बसायचं, मागूनही दिसतं, असं त्याने पुन्हा एकदा ऐकवलं.

दिसत होतं, पण उलटं. चादरी शिवून, पाण्याने भिजवून केलेला पडदा. चित्र आरपार यायचं खरं, मात्र उजव्याचं डावं होऊन. सकाळपासून जो तो डाव्या हाताने जेवत होता, डाव्या हाताने पेरत होता. बायका पदरात तोंड खुपसून हसत होत्या. गुणाबाईला मात्र ते बघून चीड येत होती.

डाव्या हाताचं तिला काय कौतुक! तिचा नवरा वारलू जन्माचा डावखुरा. तलावावरचे सगळे ढिवर उजव्या हाताने जाळं फेकायचे, हा डाव्या. गावात नावच पडलं होतं, डेबरा वारलू. प्रसादालाही डावाच हात पुढे करायचा, म्हणून गुणाबाई त्याला चारचौघांत नाही नाही ते बोलली होती. दोन वर्षांमागे सिनेमावाल्यांनी तलावावर येऊन मासेमारीचं चित्र घेतलं, आणि गेल्या साली वारलू तापाने गेला. घरात फोटो एकही नाही. आता त्याचा चेहरा आठवू म्हटलं तरी नीट आठवत नव्हता, आणि याचाच तिला स्वतःवर राग यायचा. तलावाचा सिनेमा आज लागणार असं कळलं, तशी ती धाकटी जाऊ कुंताला घेऊन गाडीने आली होती.

तर दुपार कलली तरी तलावाचा पत्ता नाही. धरण झालं, डास झाले, जपानी पद्धतीचं भात झालं. मग यंत्र बिघडलं. ते सुरू झालं तर पुन्हा डासच. टिनाखाली जीव नुसता उकडून निघाला. एकेक बाई उठून गेली.

"बाई, गाडीवाले निघाले. चाला न आता," कुंता म्हणाली.

"तू जाय. मी नाई येत."

कुंता गेली नाही, फुगून बसली. आणि तेवढ्यात तलाव आला.

गुणाबाई गुडघ्यांवर उठली. कंबरभर पाण्यात ढिवरांची रांग उभी होती, पण लांब, आणि उन्हाकडे पाठ करून. माणसं नुसती काळी. नाक नाही, डोळे नाहीत. दिवसभर जीव टांगून ठेवला तो यासाठी? संतापाने तिला रडू फुटलं.

मग जाळी उडाली. सगळ्यांचे डावे हात वर गेले. कडेच्या एकाचा उजवा.

गुणाबाईने डोळे पुसले. तो काळा माणूस वाकला, जाळं ओढलं, पुन्हा फेकलं. पुन्हा उजव्याच हाताने. तेवढ्यात चित्र संपलं.

तिचं रडणं पत्रूला ऐकू गेलं असावं. त्याने पडदा बाजूला केला. समोर आता जागा झाली आहे, हाच सिनेमा परत लावायला सांगतो, तिने पुढे येऊन बसावं, असं तो बऱ्याच मऊ आवाजात म्हणाला.

"नाई भाऊ," गुणाबाई म्हणाली, "तिकडून त जलमभर पाह्यला. इथून सारे डेबरे हायेत, तोच एक नाई."