चादर विस्कटण्यापुरता

मी पलंग बोलतोय. शिसवाचा आहे, कुरकुरायची सवय नाही. पण आज बोलणं भाग आहे.

सुताराने मला झोपण्यासाठी घडवलं. दोघींनी विकत घेतलं ते मात्र दाखवण्यासाठी. एक नर्स, दुसरी शिंपीण. दोघी एकमेकींच्या जोडीदार, आणि झोपतात पलीकडच्या खोलीत, एकत्र. शिंपीण नुसती भाडेकरू, असं घरमालकाला आणि नर्सच्या आईला सांगितलेलं. त्या भाडेकरणीचा पलंग म्हणजे मी.

दाराची घंटा वाजली की नर्स आधी माझ्याकडे धावते. चादर विस्कटते, उशीत कोपराने खळगा पाडते, मग दार उघडते. दारात बहुतेक वेळा दूधवाला असतो. तरी तो गेल्यावर ती दार लावून घेते. उभ्याउभ्याच स्वतःची नाडी बघते.

कामावर आणखी कठीण. तिथल्या बायका घरच्यांविषयी विचारतात. ती शिंपिणीविषयीच सांगते, पण 'ती'चा 'तो' करून. प्रत्येक वाक्य तोंडात घोळवायचं, शेवट बदलायचा, मग सोडायचं. तो उशिरा आला, तो जेवला नाही. त्या बायका आता त्याच्या पोटाची चौकशी करतात.

असा या घरात एक पुरुष शिरला. दिसत नाही. झोपायला माझ्याशिवाय त्याला जागा नाही. वजन लागत नाही, पण चादर गार पडते.

मागच्या आठवड्यात एका संध्याकाळी शिंपीण दुकानातून आली. नर्स ओट्याशी पाठमोरी होती. तिथूनच म्हणाली, "आलास?"

शिंपीण हसली. मिशा फुटल्यात का ते आरशात बघून येते, म्हणाली. नर्स सावरायला गेली आणि पुन्हा तेच बोलली. मग शिंपीण हसली नाही.

"बाहेर मी कोणीच नाही गं. घरात तरी मला 'ती' राहू दे. नाहीतर इथे राहू कशाला?"

नर्सने तोंड उघडलं. वाक्याला कुठला शेवट लावावा, तेच तिला कळेना.

शिंपिणीने पांघरूण उचललं आणि भिंतीकडे तोंड करून माझ्यावर आडवी झाली.

माझ्यावर झोपलेलं हे पहिलं माणूस. इतकी वर्षं मी याचीच वाट पाहिली. आता ती रोज इथेच येते. झोपत नाही. पलीकडे दुसरीही जागीच असते.

कोणाकडे कधी काही मागितलं नाही. आज मागतो. हिला उठवून पलीकडे न्या. मी रिकामाच बरा.