नस वेगळी निघाली

मंजुषाच्या डाव्या कानाखाली सुपारीएवढी गाठ आली होती. दुखत नव्हती, पण वाढत होती. भोसरीतले डॉक्टर म्हणाले, "लाळेच्या ग्रंथीची साधी गाठ आहे. काढून टाकू." चेहरा हलवणारी नस त्याच ग्रंथीतून जाते, हे काही कुणी बोललं नाही.

ऑपरेशननंतर नर्सनं चहा दिला, तर निम्मा ओठाच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळला. डावा डोळा मिटेना.

"सूज आहे, उतरेल," डॉक्टर म्हणाले. दर खेपेला तेच. महिने गेले, तेव्हा तिच्या नवऱ्याला, शेखरला, आत बोलावून म्हणाले, "हिची नसच जगावेगळी निघाली. गाठीच्या वरून गेलेली. आम्ही तरी काय करणार?"

सासूबाईंनी, सुमनताईंनी, नेमकं तेवढंच धरलं. शेजारणींना सांगू लागल्या, "डॉक्टरचा काय दोष? हिच्या अंगातच खोट हाय."

मंजुषा चाकणच्या कंपनीत गाड्यांचे दिवे तपासायची. उघड्या डोळ्यात धूळ जाऊन तो सुजायला लागला, तशी सुपरवायझरनं तिला पॅकिंगला टाकली. तिथं ती भिंतीकडं तोंड करून डबा खायची.

शेवटी हट्टानं ती शेखरला घेऊन चिंचवडच्या सर्जन दिपाली मॅडमकडं गेली. त्यांनी भुवया उचलायला, गाल फुगवायला लावलं. डावी बाजू ढिम्म.

"नस कापली गेलीय. लगेच जोडली असती तर बराच फरक पडला असता. अजूनही पायातली नस घेऊन जोडून बघू. पण पहिल्यासारखं हसू येणार नाही."

"माझी नसच वेगळी होती म्हणे," मंजुषा कशीबशी बोलली.

मॅडम चिडल्याच. "अहो, कुणाच्या नसेला कानाजवळच फाटे फुटतात, कुणाच्या पुढं जाऊन. कुणाची गाठीखालून जाते, कुणाची वरून. म्हणून तर आधी नस शोधायची, जपायची, मग गाठीला हात लावायचा. तुमचा काही दोष नाही."

इतक्या महिन्यांत मंजुषाला पहिल्यांदाच रडू फुटलं.

खाली गाडी काढताना शेखर म्हणाला, "म्हणजे वेगळी होतीच की."

ती मागं बसली नाही. "तुम्ही व्हा पुढं," म्हणाली. आणि तो खरंच गेला.

दुसऱ्या ऑपरेशनला तिची आई सोबत राहिली. वर्षभरानं डोळा कसाबसा मिटायला लागला. ओठ मात्र ओढलेला तो ओढलेलाच. लग्नकार्यात कुणी चौकशी केली की शेखर तिच्यादेखत सांगतो, "मीच नेलं होतं तिला मोठ्या डॉक्टरकडं."