फुल सपोर्ट

सपोर्ट हा शब्द माझा धाकटा भाऊ च्युइंगमसारखा चघळतो. आईचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा परगावाहून फोनवर म्हणाला, "ताई, माझा फुल सपोर्ट आहे." ऑपरेशननंतर म्हणाला, "मेंटल सपोर्ट लागला तर कधीही सांग." इथे आईला उठवून-बसवून माझी कंबर धरली, आणि याचा सपोर्ट आपला फोनवरून येतोय!

शेवटी शिलाईच्या कारखान्यातून मास्तरांचा निरोप आला. सोमवारी आली नाहीस तर तुझ्या मशीनवर दुसरी बसवतो. त्यांचं तरी काय चुकलं? मग मी भावाला असा फैलावर घेतला, की रविवारी स्वारी बॅगेसकट दारात हजर.

सोमवारी सकाळी त्याला सगळं करून दाखवलं. आईच्या कमरेला रुंद पट्टा बांधायचा आणि मागून मुठीत धरायचा. दंड धरून ओढायचं नाही. तिने वॉकर पुढे टाकला की मगच आपण पाऊल टाकायचं.

"याला सपोर्ट म्हणतात," मी म्हटलं.

"अगं, एवढं कळतं मला."

बाथरूमच्या दारापर्यंत दोघं बरी गेली. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. पठ्ठ्याने पट्टा सोडला, फोन कानाला लावला आणि म्हणाला, "हो हो, आईला सपोर्ट करायलाच आलोय ना!"

आईचा गुडघा दुमडला. मी चपला घालत होते, तशीच धावले आणि पट्टा पकडला. वॉकर भिंतीवर आपटला. माझं डोकंच फिरलं. तोंडाला येईल ते बोलले त्याला. आणि आई धापा टाकत मलाच म्हणते, "ओरडू नको गं त्याच्यावर. प्रवासाने दमलाय तो."

तो दमलाय! आणि मी इतके दिवस झोपाच काढत होते, नाही का? पण भांडत बसले असते, तर मशीन हातची गेली असती.

मी त्याच्या हातातला फोन काढून माझ्या पर्समध्ये टाकला. त्याची बोटं पट्ट्याभोवती मिटवली.

"संध्याकाळी मिळेल. काही लागलं तर आईचा फोन आहे उशाशी."

"ताई, अगं माझं ऑफिस..."

"माझंही आहे."

मी निघाले. जिन्यात आईचा आवाज ऐकू आला, "घट्ट धर रे, सोडू नकोस."

"धरलंय गं," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. बरं झालं.